एका थेंबाचा ताळा

पाणी गाळून पिण्याचे महत्त्व सांगणाऱ्या आपल्या पुस्तिकांत आणि पाठशाळांतील फलकांवर एक चित्र वारंवार आढळते. पाण्याचा एक मोठा थेंब, त्यात नाना आकारांचे जीव आणि खाली कॅप्टन स्कोर्सबी यांच्या नावावर ३६,४५० हा आकडा. सेवानिवृत्तीनंतर मला थेंबांची छायाचित्रे काढण्याचा छंद जडला, तेव्हा या आकड्याचे मूळ पाहण्याची उत्सुकता वाटली. विल्यम स्कोर्सबी हे व्हेलची शिकार करणाऱ्या जहाजाचे इंग्रज कप्तान. अहिंसेच्या पुस्तिकेत त्यांचे नाव यावे, हा योग विलक्षणच! आर्क्टिक प्रदेशावरील त्यांचा ग्रंथ १८२० साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी रीतसर हिशेब मांडला आहे. सूक्ष्मदर्शकाखालील काचेच्या एका चौकोनात सरासरी ५० जीव आणि थेंबाने व्यापलेले चौकोन ५२९. गुणाकार २६,४५० येतो. पुढे कोठेतरी छापताना दोनाचे तीन झाले असावेत. शिवाय ते पाणी ग्रीनलंडकडच्या समुद्रातले होते आणि त्याचा रंग पिवळसर हिरवा होता; ते आपल्या विहिरीचे किंवा नळाचे नव्हे. पाण्यात जीव असतात या मूळ प्रतिपादनाला याने जराही बाध येत नाही. पण ज्याने उभी हयात ताळेबंद जुळविण्यात घालविली, त्याला दहा हजारांचा फरक स्वस्थ बसू देत नाही. ते चित्र म्हणजे छायाचित्रही नव्हे. १८२० साली छायाचित्रणाची कला व्यवहारात आलेलीच नव्हती.

घरातल्या मोबाईलला हे जीव दिसणार नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. त्याला दिसतो तो थेंबाचा आकार आणि त्यातून गेलेला प्रकाश; तेवढेही पुष्कळ आहे.

स्थिर थेंबापासून आरंभ करावा. पावसाळ्यात खिडकीच्या गजाला किंवा कपडे वाळत घालण्याच्या दोरीला लोंबणारा थेंब उत्तम. असा थेंब हे स्वतःच एक भिंग असते आणि पलीकडचे दृश्य त्यात उलटे दिसते. म्हणून थेंबामागे वीतभर अंतरावर एखादे गळून पडलेले फूल धरावे आणि ते मुद्दाम उलटे धरावे, म्हणजे थेंबात ते सुलटे उमटते. कॅमेऱ्याची नजर थेंबाच्या कडेवर नव्हे, तर आतल्या प्रतिमेवर स्थिर करावी लागते. मोबाईल जवळचे नीट टिपत नसेल, तर सराफाचे किंवा घड्याळजीचे भिंग त्याच्या डोळ्यापुढे धरावे. आपल्या अनेक घरांतील पेढ्यांवर ते आयतेच सापडेल! हात मात्र कापता कामा नये. चार जाड पुस्तकांची चवड तिपाईचे काम करते.

पडत्या थेंबाचे गणित कठीण आहे. एक फूट उंचीवरून सुटलेला थेंब पाण्याला भिडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे अडीच मीटर असतो. सेकंदाच्या साठाव्या भागात तो चार सेंटिमीटर सरकतो, म्हणून चित्रात नुसती रेघ येते. हजाराव्या भागातही तो अडीच मिलिमीटर हलतो. मोबाईलवर वेळ हाताने ठरविण्याची सोय असेल, तर ती सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत आणावी आणि भर उन्हात, एकामागून एक चित्रे घेत राहावे. घरात जुना कॅमेरा आणि त्यावर बसणारा फ्लॅश असेल, तर युक्ती आणखी सोपी आहे. खोलीत अंधार करावा आणि फ्लॅश सर्वांत कमी शक्तीवर ठेवावा. त्याचा लखलखाट सेकंदाच्या वीस हजाराव्या भागाइतका अल्प असू शकतो. थेंबाला गोठविण्याचे काम मग कॅमेरा करत नाही, तो प्रकाश करतो. थेंब सोडण्यासाठी औषधाच्या दुकानातील सलाईनची नळी घ्यावी. तिच्या चाकाने थेंबांची गती हवी तशी राखता येते. थेंब जिथे पडतो तिथे पेन्सिल उभी धरून आधी नजर स्थिर करावी, मग पेन्सिल काढावी. पाणी वाटीभर पुरते. ते गाळून घ्यावे, तेच पुन्हा वापरावे आणि शेवटी कुंडीत घालावे.

शंभरात तीन चित्रे साधली तरी समाधान मानावे. उरलेली सत्त्याण्णव मात्र लगेच पुसून टाकू नयेत. यामागे एक कथा आहे. आर्थर वर्दिंग्टन नावाच्या इंग्रज पदार्थवैज्ञानिकाने १८७५ पासून पाण्यात पडणाऱ्या थेंबांचा अभ्यास केला. अंधारात विजेच्या ठिणगीचा क्षणभर प्रकाश पाडायचा आणि डोळ्यांनी जे दिसले ते कागदावर रेखाटायचे, ही त्याची रीत. त्याच्या चित्रांतील उसळलेले मुकुट सर्व बाजूंनी समप्रमाण, देखणे असत. १८९४ मध्ये त्याला त्याच क्षणांची छायाचित्रे साधली. त्यांत मुकुट वाकडेतिकडे होते, एक टोक लांब तर दुसरे तुटलेले. डोळ्याने नव्हे, मनाने परिपूर्ण मुकुट पाहिला होता, हे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. आज जो तो बिनचूक गोल मुकुटाच्या शोधात असतो. मला ते वाकडे मुकुटच अधिक विश्वासाचे वाटतात.

याच कारणास्तव दुसऱ्या एका युक्तीविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. पाण्यात ग्लिसरीन मिसळले की थेंब पाकळीवर घट्ट बसतो आणि लवकर वाळत नाही. ग्लिसरीन प्राणिज चरबीचेही असू शकते, म्हणून वनस्पतिजन्य असल्याची खात्री करून घ्यावी. सरावासाठी ते ठीक आहे. परंतु असे चित्र पहाटेचे दव म्हणून कोणास दाखवू नये.

साधने अपुरी असल्याची तक्रार नाशिककराने तरी करू नये. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यापुढे ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ ते टप्प्याटप्प्याने रोपाचे चित्रण करीत राहिले. ‘अंकुराची वाढ’ या त्या छोट्या चित्रपटाने भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली. विम्याची पॉलिसी आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने त्यांनी तारण ठेवले हे आपण ऐकून असतो. पण कर्ज मागणाऱ्याची चिकाटी तपासायची असेल, तर वाटाण्याच्या त्या वेलाइतके पक्के तारण माझ्या नोकरीच्या काळात माझ्यापुढे आले नाही.

आपल्याकडे या छंदाला ऋतूंची साथ आहे. डिसेंबरात निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षबागांत, मालकाची परवानगी घेऊन, सूर्योदयाच्या आसपास जावे. ऊन चढले की दव उरत नाही. आणि श्रावणात परसातल्या अळूच्या पानापाशी बसावे. त्यावर पाणी पसरत नाही, मोत्यासारखे गोल राहते. पान न तोडता, बाजूने, अगदी खालच्या पातळीवरून पाहिले, तर थेंबाच्या तळाशी चांदीसारखी चमक दिसते. पानाच्या मेणचट, सूक्ष्म उंचवट्यांमध्ये अडकलेल्या हवेचा तो पातळ थर आहे.