बिनभांडवली पाहुणा

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचा लिलाव ज्याने पाहिला आहे, त्याला त्या लाल फळावर किती संसार उभे आहेत हे सांगावे लागत नाही. बँकेत असताना एकदा वसुलीसाठी गेलो, तर कर्जदार चुरडलेल्या पानांवर बुरशीनाशक मारत होता. तिसरी फवारणी. दुकानाची उधारी वाढली होती. झाड सुधारत नव्हते.

आपल्या लेखी सगळेच ‘जंतू’! पण द्राक्षावरची भुरी ही बुरशी. ती खाते, वाढते. दुधाचे दही करणारे जिवाणूही तसेच जिवंत. विषाणूला मात्र पेशीच नाही. प्रथिनाच्या वेष्टनातला जनुकांचा आराखडा, एवढेच त्याचे भांडवल. दुसऱ्याच्या पेशीत शिरून, तिचीच यंत्रणा राबवून तो स्वतःच्या प्रती काढतो. १८९२ मध्ये इव्हानोव्स्कीने तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी त्या रसाने रोग होतच राहिला.

म्हणून बुरशीनाशक विषाणूवर चालत नाही. पाने चुरडणारा विषाणू पांढरी माशी पसरवते. तिला आवरावे, रोगट झाड उपटावे. घरातही तेच. सर्दी विषाणूची, अँटिबायोटिक जिवाणूंवरचे औषध.

२०२० मध्ये टोमॅटोवर विषाणू आला, तेव्हा तो माणसालाही होतो अशी अफवा उठली. तसे काही नव्हते. पण शेतकऱ्याचे नुकसान खरे होते.

हे तेव्हा ठाऊक असते, तर हप्त्याआधी मी पंपातल्या औषधाचे नाव विचारले असते.