ओठ आधी की आवाज आधी? होम थिएटर दुरुस्तीला नेण्यापूर्वी हे तपासा

निवेदिकेचे ओठ मिटतात आणि ‘नमस्कार’ त्यानंतर ऐकू येतो. फलंदाजाने चेंडू टोलवलेला दिसतो, ‘टक’ मागून येते. नवा साउंडबार किंवा होम थिएटर जोडले की अनेक घरांत ही तक्रार सुरू होते. मग मंठा किंवा घनसावंगीहून तो गाडीवर बांधून जालन्याला न्यायचा, तिथे जमले नाही तर आणखी साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर गाठायचे. एक दिवस आणि पेट्रोल गेलेच. प्रत्यक्षात बऱ्याचदा वस्तू बिघडलेली नसते, चुकलेला असतो वेळेचा हिशेब.

त्यासाठी पहिला प्रश्न एकच: पुढे कोण आहे, चित्र की आवाज?

आवाज पुढे असेल तर इलाज सोपा. हल्लीचे टीव्ही चित्र आहे तसे दाखवत नाहीत. ते आधी साठवतात, हालचाल गुळगुळीत करतात, रंग सुधारतात. यात काही मिलिसेकंद जातात. सेट-टॉप बॉक्स थेट होम थिएटरला आणि तिथून टीव्हीला जोडला असेल, तर आवाज स्पीकरवर लगेच पोहोचतो, चित्र मात्र टीव्हीत अडकते. अशा वेळी होम थिएटरच्या मेन्यूत ‘ऑडिओ डिले’, ‘लिप सिंक’ किंवा ‘एव्ही सिंक’ शोधा आणि १०-२० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी आवाज मागे ढकला. आवाज स्पष्टपणे उशिरा येईपर्यंत वाढवा, मग थोडे मागे या.

आवाज मागे असेल तर मात्र हेच बटण उपयोगाचे नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. ‘डिले’ फक्त उशीर वाढवतो. जो आवाज अजून आलेलाच नाही, तो कोणतेही यंत्र आधी वाजवू शकत नाही. डिले शून्यावर आणा आणि आवाजाला उशीर कुठे होतो ते शोधा. पहिला संशय ब्लूटूथवर. त्यात आवाज दाबून पाठवला जातो, पुन्हा उलगडला जातो. साध्या ब्लूटूथवर १०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. साउंडबार एचडीएमआय किंवा ऑप्टिकल केबलने जोडला तर अनेकदा प्रश्न तिथेच मिटतो. केबल आधीच असेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’ करून पाहा. टीव्ही आणि साउंडबार दोन्हींत ‘ई-आर्क’ असेल तर ते सुरू करा. त्यात आवाज-चित्राची वेळ जुळवण्याची सोय मानकाचाच भाग आहे.

किती फरक चालतो?

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला की प्रेक्षकाला जाणवू लागतो. मागे पडलेला आवाज मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. ही सवलत निसर्गाचीच. शेताच्या पलीकडच्या बांधावर कुणी कुऱ्हाड घातली तर घाव आधी दिसतो, आवाज नंतर येतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे १०० मीटरवर जवळपास ३०० मिलिसेकंदांचा उशीर. मागून येणाऱ्या आवाजाची मेंदूला सवय असते. घाव बसण्याआधी आवाज आलेला कुणी ऐकलेला नसतो.

ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी हा फरक निव्वळ चिडचिडीचा नसतो. घरातले आजोबा ‘आवाज वाढव’ म्हणतात तेव्हा ते नकळत ओठही वाचत असतात. मॅगर्क आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवले, की ‘बा’ ऐकवून ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवले तर अनेकांना ‘दा’ ऐकू येते. ओठ आणि आवाज फुटले की आवाज कितीही वाढवला तरी शब्द लागत नाहीत.

तपासणी करताना एक चूक हमखास होते. हिंदीत डब केलेला तेलुगू सिनेमा लावून सिंक बघायचा नाही. तिथे ओठ तेलुगू बोलतात, ते कधीच जुळणार नाहीत. स्टुडिओतून बोलणारा वृत्तनिवेदक बघा, तोही दोन-तीन वाहिन्यांवर. एकाच वाहिनीवर किंवा एकाच ॲपवर गडबड असेल तर दोष तिकडचा आहे. ॲप बंद करून पुन्हा उघडा. सगळीकडे सारखाच फरक असेल तर दोष तुमच्या जोडणीत.

सुरुवातीला नीट आणि अर्ध्या तासाने घसरलेला सिंक ही वेगळी गोष्ट. तिथे ठरावीक डिले लावून काही होत नाही. लाइट जाऊन आल्यावर असे होऊ लागले असेल तर तिन्ही वस्तूंचे प्लग काढा, मिनिटभर थांबा, मग आधी टीव्ही, नंतर साउंडबार आणि शेवटी सेट-टॉप बॉक्स सुरू करून पाहा. पेनड्राइव्हवरचा सिनेमा घसरत असेल तर फाइलच सदोष असू शकते. फरक शेवटपर्यंत सारखाच असेल तर संगणकावरच्या व्हीएलसीमध्ये ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांनी पुढे-मागे सरकवता येतो. अख्खी फाइल हाताशी असल्याने इथे आवाज पुढेही आणता येतो, थेट प्रक्षेपणात ते शक्य नसते.

टीव्हीवर ‘गेम मोड’ लावला की चित्रावरची प्रक्रिया कमी होते आणि पुढे पळणारा आवाज बराच जुळतो. चित्र थोडे फिके वाटेल. एवढे करूनही आवाज मागेच राहिला, तर दुकानात जाताना कोणत्या केबलने, कोणत्या वाहिनीवर आणि डिले किती ठेवून पाहिले हे कागदावर लिहून न्या. जुळलेला आकडाही टिपून ठेवा. फॅक्टरी रिसेट झाला की तो पुसला जातो.