विश्लेषण : पूलच्या क्यूचा शाफ्ट लाकडी हवा की कार्बन फायबरचा?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हवा कोरडीठाक होते आणि जुलैत तीच हवा दमट होते. लाकूड ओलावा शोषते आणि सोडते. त्यामुळे अशा हवामानात पूलची लाकडी क्यू वाकण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून कार्बन फायबरच्या शाफ्टकडे पाहिले जाते. पण त्याची किंमत साध्या लाकडी शाफ्टच्या कित्येक पट असते. एवढे पैसे मोजून खेळ सुधारतो का?

शाफ्ट म्हणजे नेमके काय?

क्यूचा मागचा जाड भाग म्हणजे बट आणि पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. शाफ्टच्या टोकाला फेरूल आणि त्यावर चामड्याची टिप असते. पूलसाठी परंपरेने मेपलचे, तर स्नूकरसाठी प्रामुख्याने ॲशचे लाकूड वापरतात. पूलची टिप साधारण १२ ते १३ मिलिमीटरची, स्नूकरची ९ ते १० मिलिमीटरची असते.

फिरकी दिली की नेम का चुकतो?

पांढऱ्या चेंडूच्या मध्यावर फटका बसला तर तो सरळ जातो. मध्याच्या उजवीकडे फटका मारला, की फिरकी मिळते. पण चेंडू नेमाच्या रेषेपासून किंचित डावीकडे सरकतो. याला ‘डिफ्लेक्शन’ म्हणतात. अवघ्या एका अंशाचा फरक दोन मीटरवर सुमारे साडेतीन सेंटीमीटरचा होतो. पूलचा चेंडू जेमतेम ५७ मिलिमीटरचा, म्हणजे फटका हुकायला एवढे पुरेसे आहे.

इथे साहित्याचा संबंध कुठे येतो?

टिप आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरता टिकतो. तेवढ्या वेळात शाफ्टच्या टोकाकडचा सुमारे १५ ते २० सेंटीमीटरचा भागच बाजूला सरकू शकतो. हा भाग जड असेल तर चेंडू जास्त ढकलला जातो. हलका असेल तर कमी. म्हणजे शाफ्ट किती ताठ आहे यापेक्षा त्याचे टोक किती हलके आहे, हे महत्त्वाचे. कार्बन फायबरची नळी पातळ असूनही मजबूत राहते, म्हणून टोक हलके ठेवणे सोपे जाते. मात्र, लाकडाचे टोक आतून पोकळ करून आणि फेरूल हलके ठेवूनही हे साधता येते. अमेरिकेच्या प्रिडेटर कंपनीने १९९०च्या दशकातच असे लाकडी शाफ्ट बाजारात आणले.

कार्बनने फिरकी वाढते का?

नाही. फटका मध्यापासून किती दूर बसला आणि किती वेगाने बसला, यावर फिरकी ठरते. कार्बनचा खरा फायदा वेगळा आहे. तो ओलावा शोषत नाही, सहसा वाकत नाही आणि ओल्या कापडाने पुसता येतो. फटक्याचा आवाज आणि हाताला येणारी जाणीव मात्र बदलते. ती अनेकांना लाकडाचीच आवडते.

मग निवड कशी करावी?

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, तेव्हा कार्बन शाफ्ट नव्हतेच. नवशिक्यासाठी सरळ मेपल शाफ्ट आणि चांगली टिप पुरेशी आहे. क्यू भिंतीला तिरकी टेकवून किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये. नियमित खेळणाऱ्याला बाराही महिने सारखाच शाफ्ट हवा असेल, तर कार्बनचा खर्च पटण्यासारखा आहे. मात्र, डिफ्लेक्शन बदलले की नेम धरण्याची जुनी सवयही बदलावी लागते. त्यामुळे स्पर्धेच्या तोंडावर शाफ्ट बदलणे टाळलेलेच बरे.