मुतखडा : छेद लहान, खबरदारी मोठी

कमरेतून जांघेकडे सरकणारी असह्य कळ, मळमळ, लघवीतून रक्त जाणे ही मुतखड्याची परिचित लक्षणे. मात्र कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे समजणे घातक ठरू शकते. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा वेदना न देताही मूत्रपिंडावर दाब आणत राहतो आणि ते हळूहळू निकामी होऊ शकते. म्हणूनच खडा खरोखर बाहेर पडल्याची खात्री तपासणीने करून घ्यावी.

पूर्वी मोठ्या खड्यांसाठी कुशीत वीतभर छेद घ्यावा लागे. १९७६ साली स्वीडनमध्ये पाठीतील छोट्या छिद्रातून खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. १९८० साली म्युनिक येथे ध्वनिलहरींच्या आघाताने शरीराबाहेरून खडा फोडण्यात यश आले. आज मोठा छेद क्वचितच लागतो.

कोणती पद्धत केव्हा?

मूत्रवाहिनीतील ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. मूत्रपिंडातील २ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्यांसाठी साधारणतः पीसीएनएल ही शस्त्रक्रिया निवडतात. तीत पाठीतील सुमारे १ सेंटिमीटरच्या छेदातून दुर्बीण मूत्रपिंडात नेऊन खडा फोडला जातो व तुकडे बाहेर काढले जातात. त्याहून लहान खड्यांसाठी ध्वनिलहरी किंवा मूत्रमार्गातून सरकवलेली लवचिक दुर्बीण व लेसर असे पर्याय आहेत. दुसऱ्या पर्यायात छेदच लागत नाही. गर्भवतींवर ध्वनिलहरींचा उपचार करीत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे डॉक्टरांना आधीच सांगावे. खड्याचा आकार, जागा व कठीणपणा पाहूनच पद्धत ठरते. केवळ 'लेसर' या शब्दाला भुलू नये.

स्टेंट विसरू नका

शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनी खुली राहावी म्हणून अनेकदा आत एक मऊ नळी ठेवतात. हीच डीजे स्टेंट. ती तात्पुरती असते. बरे वाटू लागल्यावर रुग्णाला तिचा विसर पडला, तर काही महिन्यांत तिच्यावरच खडे साचतात, जंतुसंसर्ग होतो आणि प्रसंगी मूत्रपिंड गमवावे लागते. ती काढण्याची तारीख घरी सर्वांना दिसेल अशी लिहून ठेवावी. थंडी वाजून ताप आल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

खडा काढला तरी तो पुन्हा होण्याची प्रवृत्ती जात नाही. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे आणि मीठ कमी खावे. दूध-दही मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण आहारातील कॅल्शियम कमी झाल्यास खड्यांचा धोका उलट वाढतो. काढलेल्या खड्याचे पृथक्करण करून घेतल्यास पुढील पथ्य नेमके ठरवता येते.