घरचा संगणक आणि आजीच्या ओव्या

आमच्या घरी संगणक आला तो २०१६ च्या दिवाळीत, आणि पहिल्याच दिवशी हळदकुंकू वाहून त्याची पूजा झाली. पूजा झाली म्हणजे संरक्षणही झाले, अशी आमची समजूत असावी. कारण पुढे सात वर्षे त्या दृष्टीने त्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही. वडील, आई, मी आणि शाळकरी धाकटी बहीण असे चौघेही एकाच खात्यातून, एकाच पासवर्डने तो वापरत होतो. तो पासवर्डही मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला!

२०२३ च्या पावसाळ्यात, महाविद्यालयात नुकताच प्रवेश घेतलेला असताना, निबंध मराठीत टाईप करण्यासाठी मला एक विकत मिळणारा प्रोग्राम फुकटात हवा होता. कुठूनतरी त्याची कुलूप तोडलेली प्रत उतरवली. ‘अँटिव्हायरस बंद करा, मगच ही चालेल’ अशी सूचना होती. ती मी इमानेइतबारे पाळली.

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “अरे, आजीच्या ओव्या लाव की जरा.” एकही फाईल उघडेना. प्रत्येकीच्या नावामागे चार अक्षरांचे अगम्य शेपूट, आणि पडद्यावर डॉलरमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी.

त्या ओव्या आजीने जात्यावर बसून म्हटलेल्या होत्या. म्हणता म्हणता ती मध्येच कानडीतल्या बीसुव पदाकडे वळे. वडिलांनी २०१७ साली फोनवर घेतलेले ते मुद्रण होते. २०१९ मध्ये आजी गेली. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती, पण ती डिस्क कित्येक महिने संगणकाला जोडलेलीच. तिच्यावरचेही सारे कुलूपबंद झाले.

असे का झाले, ते मला नंतर उमगले. कोणताही प्रोग्राम तो उघडणाऱ्याच्या अधिकाराने चालतो. विंडोजमध्ये खाती दोन प्रकारची असतात: सगळ्या घराच्या किल्ल्या बाळगणारे ॲडमिनिस्ट्रेटर खाते, आणि आपल्या खोलीपुरते स्टँडर्ड खाते. आम्ही सारे ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात बसत होतो, म्हणजे चोराला किल्ल्यांचा जुडगा मीच दिला. मी माझ्या स्टँडर्ड खात्यात असतो तर माझे निबंध गेले असते, पण वडिलांच्या खात्यातल्या ओव्या बहुधा वाचल्या असत्या. आता चौघांची चार स्टँडर्ड खाती आहेत. पाचवे ॲडमिनिस्ट्रेटरचे, आणि त्याचा पासवर्ड फक्त वडिलांकडे. नवे काही बसवायचे तर त्यांना बोलवावे लागते. ही कटकट आहे खरी, पण त्या दोन मिनिटांत माणूस दोनदा विचार करतो.

दुसरी गोष्ट दुरुस्त्यांची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोराने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघालेली होती. ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हटले ते सापडले. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही जुना संगणक वापरणाऱ्या मित्रांनी ध्यानात ठेवावे.

आणि गंमत पाहा, ज्यासाठी मी हा उपद्व्याप केला ते विंडोजमध्ये मुळातच फुकट होते! सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की कळफलक हजर. त्यातला इनस्क्रिप्ट शिकलात तर कन्नड विभागातल्या मित्रांचाही कळफलक तुम्हाला येईल, कारण ‘क’ दोन्ही लिप्यांत एकाच कळीवर आहे.

धुळीचे थोडक्यात सांगतो. संगणक बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवावी. वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढावाच.

बहिणीच्या खात्याला वडिलांनी वेळेची मर्यादा घातली, आणि राऊटरमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.३ हा पत्ता भरला. त्याने अश्लील आणि घातक संकेतस्थळे बरीचशी अडतात, सगळी नव्हेत. बहीण फणकारली, “मग दादाच्या खात्यालाही वेळ बांधा की!” तिचे बरोबर होते. शेवटी संगणकच माझ्या खोलीतून सोप्यात आला, आणि रात्री दहानंतर तो सगळ्यांनाच बंद. मुलांवर चोरून नजर ठेवण्यापेक्षा मला हे बरे वाटते.

खंडणी आम्ही दिली नाही. दिली तरी चोर किल्ली देईलच याची हमी काय? वडिलांनी पूर्वी निपाणीच्या मामांना काही ओव्या पाठवल्या होत्या, त्यातल्या अकरा त्यांच्या फोनवर सापडल्या. त्या आता दोन डिस्कांवर आहेत. एक आमच्या कपाटात, संगणकापासून सोडवलेली. दुसरी खानापूरला आत्याकडे. गणपतीत आणि दिवाळीत आम्ही त्यांची अदलाबदल करतो.

कुलूपबंद फायलीही मी पुसल्या नाहीत. ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम युरोपातल्या पोलिसांनी आणि काही कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केला. सापडलेल्या किल्ल्या तिथे विनामूल्य मिळतात. आमच्या शेपटाची किल्ली अजून तिथे आलेली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी पाहतो. आई विचारते, “आली का रे?”