बार्शीकडच्या बायकांनी जगाला काय शिकवलं?

घरातलं कोणाचंही दुखणं आपल्या नजरेतून सुटत नाही. धाकट्याला दोन शिंका आल्या की आल्याचा काढा उकळायला लागतो. सासूबाईंच्या गुडघ्याला तेल, ह्यांच्या रक्तदाबाची गोळी, मुलीची परीक्षेतली डोकेदुखी, सगळं आपल्या ध्यानात असतं. आपलं स्वतःचं मात्र आपण अंगावर काढतो. ‘अंगावर काढणं’ हा शब्द बहुधा बायकांसाठीच तयार झाला असावा! त्यातही दुखणं कमरेखालचं असलं की मग बोलायलाच नको. अंगावरून पांढरं जातंय, मधेच डाग पडतोय, पाळी जाऊन दोन वर्षं झाली तरी पुन्हा लाल दिसलं, तरी आपलं उत्तर ठरलेलं. “जाऊ दे की, बाईच्या जातीला हे चालायचंच!”

हे चालू द्यायचं नाही, एवढंच सांगण्यासाठी आजचा लेख आहे. गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘पिशवीच्या तोंडाचा’ कर्करोग हा आपल्या देशातल्या बायकांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल येतो. २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सव्वा लाखाहून अधिक बायकांना तो झाला आणि जवळपास ८० हजार जणी दगावल्या. म्हणजे तासाला नऊ. तुम्ही कुकर लावून भाजी फोडणीला टाकेपर्यंत कुठे तरी एक संसार उघडा पडतो. आणि मन विषण्ण करणारी गोष्ट अशी, की हा कर्करोग बराचसा टाळता येण्यासारखा आहे. तो कसा टाळायचा हे जगाला दाखवून देण्यात फार मोठा वाटा आहे तो आपल्याच महाराष्ट्रातल्या, शेतात राबणाऱ्या बायकांचा.

मुळाशी आहे एक विषाणू

आधी हा रोग होतो कसा ते पाहू. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एच.पी.व्ही., नावाचा एक विषाणू आहे. त्याचे प्रकार पुष्कळ, पण त्यांतले १६ आणि १८ क्रमांकाचे दोन फार खट्याळ. ह्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे सत्तर जणींच्या बाबतीत हेच दोघे कारण असतात. हॅराल्ड त्सुर हाऊसेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात हे शोधून काढलं आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

हा विषाणू पती-पत्नीच्या संबंधांतून येतो. हे वाचून लगेच कपाळाला आठ्या घालू नका, आणि घरात संशयाचं भूतही उभं करू नका. लग्न झालेल्या बहुतेक बायकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होऊन जातो, त्याचा गुणदोषाशी काही संबंध नाही. दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या जणींच्या अंगात तो ठाण मांडून बसतो आणि पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडवत नेतो. ह्या बिघाडाचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात.

पंधरा-वीस वर्षं! दूध ऊतू जायला जेवढा वेळ लागतो तेवढा सुद्धा कित्येक रोग देत नाहीत. हा मात्र सवड देतो. त्या काळात दुखत नाही, खुपत नाही. पण कोणी तपासून पाहिलं तर बिघाड सापडतो, आणि सापडला की तो गोठवून किंवा शेक देऊन नाहीसा करता येतो. बहुतेक वेळा ते काम भूल न देता, बाहेरच्या बाहेर होतं. पिशवी काढावी लागत नाही.

गावोगावच्या एक लाख एकतीस हजार जणी

आता बार्शीची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथे १९८७ साली खेड्यातल्या कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागातली देशातली ती पहिलीच नोंदवही. नोंदणी करणारी मंडळी गावोगाव जाऊन लोकांना लक्षणं समजावून सांगत. नुसतं सांगितल्यामुळे बायका आधीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या, हे पुढे दिसून आलं.

मग १९९९ साली तिथले डॉ. भगवान नेने, मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री, फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी एक मोठा अभ्यास हाती घेतला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटणी केली. एका गटाची एच.पी.व्ही.ची तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगरची तपासणी. चौथ्या गटाला फक्त माहिती दिली आणि तपासणी कुठे होते ते सांगितलं.

ह्या तपासण्या ऐकून घाबरू नका. एच.पी.व्ही.च्या तपासणीत बारीक ब्रशने आतला थोडा स्राव घेतात आणि त्यात विषाणू आहे का ते यंत्रावर पाहतात. पॅपमध्ये तशाच घेतलेल्या पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. व्हिनेगरची तपासणी तर अगदी स्वस्तातली. आपण चिनी भाजीत घालतो त्याच जातीचं सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड पिशवीच्या तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. (कृपा करून घरी काही प्रयोग करू नका. पाहणारी नजर तयार झालेली लागते.)

आठ वर्षं ह्या बायकांवर लक्ष ठेवलं आणि एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या माहितीच्या गटात ह्या कर्करोगाने ६४ जणी दगावल्या होत्या. एच.पी.व्ही. तपासणीच्या गटात, बायका थोड्या जास्त असूनही, ३४. पुढच्या पायरीवर गेलेला कर्करोग एकीकडे ८२ जणींना, दुसरीकडे ३९ जणींना. आणि ही तपासणी प्रत्येकीची झाली होती एकदाच! आयुष्यात एकदा दिलेल्या काही मिनिटांनी मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आज जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर एच.पी.व्ही.ची तपासणी पहिल्या पसंतीने करा म्हणते, त्यामागे जे पुरावे आहेत त्यांत हा एक ठळक.

एकदाच केलेल्या पॅप आणि व्हिनेगर तपासणीने मात्र त्या अभ्यासात मृत्यूंत म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणजे त्या निरुपयोगी का? तसंही नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाख बायकांचा दुसरा अभ्यास केला. तिथे दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना चार आठवडे शिकवून तयार केलं आणि त्यांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा व्हिनेगरची तपासणी केली. बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. यातून आपण धडा घ्यायचा तो असा, की एच.पी.व्ही.ची तपासणी एकदाच झाली तरी मोठा आधार देते, व्हिनेगरची मात्र ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करून घ्यायला हवी.

एक गोष्ट मनाला लागते. चौथ्या गटातल्या बायकांनाही तपासायला हवं होतं, असा आक्षेप पुढे ह्या अभ्यासांवर घेतला गेला, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. ते ६४ मृत्यू म्हणजे कोणाच्या तरी आया, कोणाच्या तरी थोरल्या जावा. आज आपल्याला जे कळलं आहे ते त्यांच्यामुळे. मग ते कळूनही आपण घरी बसायचं? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वर्षांच्या बायकांपैकी ही तपासणी कधी तरी झालेल्या होत्या अवघ्या १.९ टक्के. शंभरात जेमतेम दोघी!

कोल्हापूरला हे आधीच ठाऊक होतं

लाज आड येते, हे खरं आहे. पण ही लाज किती महाग पडते हे सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एका मुलीने ओळखलं होतं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथल्या कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं होतं, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्यांची नेमणूक झाली ती आपल्या कोल्हापूर संस्थानातल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागात. ते हॉस्पिटल म्हणजेच आजचं आपलं सीपीआर. पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई त्या खुर्चीवर कधी बसल्याच नाहीत. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. वय फक्त २१.

आज शहरात स्त्री-डॉक्टरांना तोटा नाही. महाद्वार रोडवर ब्लाऊजपीस जुळवायला आपण दहा दुकानं पालथी घालतो, तर मन मोकळं करता येईल अशी एक डॉक्टर शोधणं काही अवघड नाही.

मुलींसाठी लस

आपण तपासणी करून घ्यायची, पण लेकींना त्याच्याही आधीचं संरक्षण देता येतं. ह्या विषाणूवर लस आहे. ९ ते १४ ह्या वयात दिली तर तिचा सर्वांत जास्त उपयोग, कारण विषाणू शरीरात येण्याआधी ती पोचायला हवी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली सर्व्हाव्हॅक ही लस जानेवारी २०२३ मध्ये आली. परदेशी लशी त्याआधीपासून आहेत.

ह्या लशीच्या बाबतीतही जगाला एक महत्त्वाची गोष्ट आपल्याकडच्या मुलींनीच दाखवली. २००९ साली पुणे, बार्शी, मुंबई आणि देशातल्या इतर ठिकाणी दोन डोस पुरतात की तीन लागतात, ह्याचा अभ्यास सुरू झाला. तेवढ्यात एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पातल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून वादळ उठलं आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळंच थांबवलं. चौकशीत त्या मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण पालकांची संमती नीट घेतली नव्हती हे मात्र उघड झालं. ह्या थांबण्यामुळे पुण्या-बार्शीकडच्या अभ्यासातल्या जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला होता. डॉक्टरांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर १६ आणि १८ क्रमांकाच्या विषाणूंच्या चिवट संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्के संरक्षण दिलं होतं, दोन आणि तीन डोसांच्या बरोबरीचं! हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यात अशा पुराव्यांचा हात आहे. तुमच्या मुलीला कोणती लस आणि किती डोस, ते तिच्या वयावरून डॉक्टर सांगतील. तुमच्या भागात सरकारी लसीकरण चालू आहे का, हेही आशाताईंना विचारून ठेवा.

एक लक्षात असू द्या. लस घेतली तरी मुलीने पुढे तिशीनंतर तपासणी करायचीच. आणि आपल्याला लस मिळाली नाही म्हणून हळहळत बसू नका. आपल्यासाठी तपासणी आहे.

तर आता करायचं काय?

वय ३० ते ६५ असेल तर काही त्रास नसतानाही तपासून घ्या. एच.पी.व्ही.ची तपासणी परवडत असेल तर ती करा. ती निर्दोष आली तर पुन्हा पाच वर्षांनी. ती महाग वाटली तर पॅप किंवा व्हिनेगरची तपासणी आहे. सरकारी दवाखान्यात चौकशी करा. पाळी गेल्यानंतर व्हिनेगरच्या तपासणीत नीट दिसतंच असं नाही, तेव्हा तसं डॉक्टरांना आधी सांगा.

पाळी चालू असताना जाऊ नका. आदल्या दोन दिवसांत आत कोणतंही औषध किंवा मलम लावू नका आणि संबंध टाळा. तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण बाळंतपणं निभावलेल्या बाईला त्याचं काय एवढं!

काही सापडलं तर हातपाय गाळू नका. एच.पी.व्ही. आहे म्हणजे कर्करोग आहे असं नव्हे. पुढची तपासणी मात्र चुकवू नका. कोणी लगेच पिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचंही मत घ्या.

पण ही लक्षणं असतील तर तपासणीची पाळी येण्याची वाट न बघता आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जा. संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणं, आणि घाण वासाचा स्राव. घरात कोणी तंबाखू खात असेल, ओढत असेल, तर तीही सोडा, सोडवा.

‘ह्यांना कसं सांगू?’ असं वाटत असेल तर हा लेख त्यांच्यापुढे ठेवा. एकटीला धीर होत नसेल तर जावेला घेऊन जा, भिशीतल्या मैत्रिणींना घेऊन जा. दोघी-चौघी मिळून गेलं की निम्मी भीती पायरीवरच राहते. तारीख लक्षात राहत नाही म्हणाल, तर नवरात्राच्या आधी आपण सारं घर धुऊन-पुसून काढतोच. दर पाचव्या वर्षी त्याच आठवड्यात एक सकाळ स्वतःसाठी काढून ठेवा. घटाला माळ घालायला घरची बाई धडधाकट हवी, नाही का?