गदा, धनुष्यबाण आणि तसबिरी

पहाटे ५.३०
नाशिकच्या रामकुंडावर अंघोळीची गर्दी सुरू झालीय. खेळणी आणि देवांचे फोटो विकणाऱ्या मावशी धर्मशाळेच्या ओट्यावरून दोन पत्र्याच्या पेट्या खाली ओढतात. पेट्या ठेवण्याचे रोजचे ३० रुपये. एक खेळण्यांची, एक देवांच्या फोटोंची. फोटोंची जड, काचेमुळे. ती दोघांनी उचलावी लागते.

६.३०
चार बांबू, एक ताडपत्री, सुतळी. तासाभरात पाल उभं राहतं. डमरू, शिट्ट्या, भिरभिरी वर टांगायची. गदा आणि धनुष्यबाण पुढे, पोरांचा हात पोचेल असे. पंचवटीत याच दोन वस्तू सर्वांत जास्त खपतात.

८.००
यात्रेकरूंच्या बसमधून माणसं उतरतात. काळाराम, सीतागुंफा करायची घाई. एका पोरानं गदा धरली, सोडेना. वीस रुपये. आई पंधरा म्हणते. "ताई, भवानी आहे, अठरा द्या." अठराला गेली. नोट कपाळाला लावून मावशी डब्यात टाकतात.

११.००
होलसेलवाल्याचा माणूस स्कूटरवर दोन पोती घेऊन येतो. पूर्वी पोत्यात बहुतेक चिनी माल असे. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्काही सक्तीचा. आता खेळण्यातल्या मोटारी दिल्लीकडच्या येतात. शिक्क्याची मोटार मावशींना ९० ला पडते, १२० ला विकावी लागते. फनस्कूल कंपनीचा गोव्यातल्या कारखान्यांतला माल मोठ्या दुकानांत काचेआड असतो. या पालाखाली तो येत नाही.

दुपारी १.३०
ऊन. गिऱ्हाईक नाही. मावशी फोटो जोडायला बसतात. छापील कागद, काच, मागे पुठ्ठा, चार बारीक चुका, पक्कड. तासाला दहा-बारा तसबिरी होतात. बोटाला काच लागू नये म्हणून अंगठ्याला चिंधी बांधलेली. सामान ३५ चं, विक्री ५० ची. राम, लक्ष्मण, सीता, पायाशी मारुती. घराघरांतल्या भिंतींवर असे छापील देव पोचवणाऱ्या पहिल्या मोठ्या छापखान्यांपैकी एक राजा रविवर्मा यांचा. १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही त्या छापखान्यासाठी काम केलं होतं.

३.३०
डॉक्टर-सेटचं खोकं पुसून पुढे ठेवलं. त्यावर निळ्या डोळ्यांची मुलगी हसतेय. असे तयार फोटो विकणाऱ्या कंपन्या आहेत: गेट्टी इमेजेस १९९५ ची, शटरस्टॉक २००३ ची. फोटो एकदा काढायचा, वापरायचा परवाना पुन्हा पुन्हा विकायचा. हा फोटो कुठून आला, मावशींना ठाऊक नाही. खोक्यावर चित्र नसेल तर माल उठत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक आहे.

संध्याकाळी ७.००
गोदाआरतीची गर्दी. बॅटरीवरचा दिवा, भाडं ३० रुपये. हाच तास कमाईचा. एक हात पैसे घेतो, दुसरा पिशवी भरतो, नजर पोरांच्या हातांवर. चौदा गदा, नऊ धनुष्यबाण, सहा तसबिरी गेल्या.

९.००
आवरायला उभारणीपेक्षा जास्त काळजी लागते. काच आधी, प्लास्टिक नंतर. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की हेच काम घाईघाईनं करायचं. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या पायांशी येण्याआधी पाल उठलेलं हवं.

९.३०
डब्यात १,८६० रुपये. मालाचे १,२७० वजा. पेट्या ३०, दिवा ३०, चहा-वडापाव ६०, पेठ रोडपर्यंत जाण्या-येण्याची रिक्षा ८०. उरले ३९०. सोळा तासांचे.

रामकुंडावर गेलात तर भाव जरूर करा. फक्त वीस रुपयांच्या गदेत मावशींना सहा रुपये सुटतात, हे लक्षात ठेवून करा.